लख्ख डावा पंख

"कुणाला बोलू नकोस हं, वरच्या मजल्यावर तर मुळीच नको. ते नवीन विमान बाजारात येतंय ना, त्याच्या खोक्यावर आमच्या ह्यांचं..."

एवढं झालं आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी दार लावून घेतलं.

मी काही चोरून ऐकत नव्हतो. बाजाराची पिशवी जड होती म्हणून जिन्यात जरा टेकवली होती आणि दम खात उभा होतो. आता दम खाताना माणूस तोंड बंद ठेवू शकतो, कान कसे बंद ठेवणार? (मी नेहमी कुणाच्या तरी दारासमोरच दम खातो, असं आमच्या बायकोचं म्हणणं आहे. पण सगळी दारं जिन्यातच उघडतात, त्याला मी काय करू?)

वहिनी फोनवर बहिणीशी बोलत होत्या. वरचा मजला म्हणजे आम्ही. आमच्या डोक्यावर फक्त पाण्याची टाकी आहे, आणि टाकीला कुणी काही सांगत नाही. म्हणजे ही बातमी खास माझ्यापासून लपवायची होती! एखादी गोष्ट खास आपल्यापासून लपवावी, एवढी लोकांना आपली दखल घ्यावीशी वाटते, याचा आधी मला अभिमानच वाटला. मग ते अर्धं वाक्य टोचायला लागलं. खोक्यावर ह्यांचं काय? नाव? पण नावासाठी कुणी एवढं कुजबुजत नाही. चित्र! खोक्यावर कॅप्टनचं चित्र येणार! पिशवी उचलेपर्यंत मी वाक्य पुरं करून टाकलं होतं. (वाक्य अर्धं राहिलं की मला जेवणातून उठवल्यासारखं होतं.)

कॅप्टन म्हणजे वहिनींचे यजमान, पण विमान चालवणारे कॅप्टन नव्हेत. ते आयुष्यात कधी विमानात बसलेले नाहीत; बल्ब बदलायला स्टुलावर चढले तरी वहिनींना खालून धरायला लागतं. कॅप्टन दात बनवतात. दातांचा डॉक्टर तोंडाचा साचा घेऊन पाठवतो आणि कॅप्टन त्याबरहुकूम कवळी तयार करतात. आमच्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू कॅप्टनच्या हातचं आहे. पण संध्याकाळी घरी आले, चहा झाला, की कपाळावर भिंगाचा चष्मा चढवायचा, टेबलावरचा दिवा खाली ओढायचा आणि विमानं बांधायला बसायचं. खेळण्यातली नव्हेत हं! खोक्यातून प्लास्टिकचे शेकडो तुकडे येतात, ते तासायचे, जोडायचे, रंगवायचे. विमान हातभर, पण खऱ्याचा पुरता बहात्तरावा हिस्सा. आत बसलेला पायलट करंगळीच्या पेराएवढा. त्याला मिशी असते. एकदा मी विचारलं, "कॅप्टन, काच लावल्यावर ही मिशी दिसणार कुणाला?" तर म्हणाले, "त्याला ठाऊक आहे ना आपल्याला मिशी आहे ते."

असा माणूस आपल्या पायाखाली राहतो याचा अभिमान कुणाला वाटणार नाही? मी तो अभिमान एकट्यानं सोसायचं ठरवलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण मी फक्त तळमजल्यावरच्या शिंप्याला सांगितलं. आणि डेपोत. (मी बसडेपोत गाड्या धुण्याच्या विभागात मुकादम आहे. तिथं सांगितलेलं बाहेर जात नाही. म्हणजे बसमध्ये बसून जातं, पायी जात नाही.) संध्याकाळी बातमी फिरून माझ्याकडे परत आली तेव्हा तिच्यात कॅप्टन कायमचे परदेशी चालले होते आणि वहिनींनी सामान विकायला काढलं होतं.

रात्रीच्या जेवणाआधी दार वाजलं. कॅप्टन.

"मला आज तीन माणसांनी जागा भाड्यानं द्यायची आहे का असं विचारलं," ते म्हणाले.

"लोकांना काय, काहीही बोलतात," मी म्हणालो.

आमची बायको पाठीमागून म्हणाली, "भाऊजी, आत या. यांनी तुमचं चित्र खोक्यावर छापून टाकलंय, आता तुम्हीच ते पुसा."

मग कॅप्टननी खरं काय ते सांगितलं. ही विमानं बनवणारी कंपनी दरवर्षी नवीन माल काढते: नवीन विमानं, आणि त्यांच्याबरोबर लागणारं सटरफटर, जादा चाकं, चिकटवायची अक्षरं, रंगाच्या बाटल्या. यंदा एक जुनं, दोन पंख्यांचं मालवाहू विमान निघणार होतं. बाजारात येण्याआधी ते बांधून त्याचे फोटो काढायचे आणि खोक्यावर छापायचे, म्हणून कंपनीनं ते दोघांना बांधायला दिलं होतं. एक आपले कॅप्टन आणि दुसरा कुणी एक इंजिनिअर. "त्याच्याकडे रंग उडवायचं मशीन आहे, स्वतःची खोली आहे," कॅप्टन म्हणाले. "माझ्याकडे दातांचे ब्रश आणि डायनिंग टेबलाचं अर्धं टोक. ज्याचं विमान जास्त खरं वाटेल, त्याचं खोक्यावर. रविवारी कंपनीचा माणूस बघायला येणार. आता फक्त शेवटचं काम चाललंय."

शेवटचं काम म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलंही असेल. मी त्या वेळी बोलत होतो.

"कॅप्टन," मी सांगत होतो, "इंजिनिअर गेला खड्ड्यात! अख्खी बिल्डिंग तुमच्या पाठीशी आहे!"

"तीच तर भीती आहे," कॅप्टन म्हणाले.

शुक्रवारी त्यांच्या मुलीचं घर हलवायचं होतं, म्हणून दोघांना दोन रात्री तिकडे राहणं भाग पडलं. आणि नेमका शनिवारी त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला प्लंबर यायचा होता. तो प्लंबर एकदा चुकला की पुन्हा महिनाभर सापडत नाही. किल्ली द्यायची कुणाला? वहिनी आमच्या बायकोला देणार होत्या, पण ती शनिवारी सकाळी कामाला जाते. तेव्हा कॅप्टननी किल्ली माझ्या हातावर ठेवली. ठेवली म्हणजे काय, एक टोक त्यांनी बराच वेळ सोडलंच नाही.

"प्लंबरजवळ बसायचं. खिडकी बंद. पंखा बंद. आणि टेबलावरच्या कशालाही हात लावायचा नाही."

"कॅप्टन, मी काय लहान मूल आहे?"

"लहान मुलाला मी किल्ली दिली नसती," ते म्हणाले. यात माझं कौतुक होतं की नव्हतं, ते मला अजून कळलेलं नाही.

शनिवारी प्लंबर आला. अगडबंब माणूस, सिंकखाली शिरला तो बाहेर फक्त पाय. मी त्याच्या पायांशी थोडा वेळ गप्पा मारल्या आणि मग सहज, अगदी सहज, टेबलाजवळ गेलो. विमानावर वहिनींनी एक पातळ ओढणी घातली होती. ओढणी म्हणजे काही टेबलावरची वस्तू नव्हे. मी ती उचलली.

आणि माझ्या काळजात चर्र झालं.

काय सांगू! मला वाटलं होतं आत चांदीसारखं चकचकीत विमान असेल. तर ते होतं आमच्या डेपोतल्या भंगार गाडीसारखं. दोन्ही इंजिनांच्या मागे पंखावर काजळीचे लांबलचक फराटे. पोटाखाली तेल गळून ओघळ आलेले. दाराजवळचा रंग उडालेला. चाकांना धूळ. शेपटीपर्यंत मळच मळ!

"अरे देवा! हे बघितलंत का?" मी ओरडलो.

प्लंबर मोठ्या कष्टानं बाहेर आला. त्यानं विमान बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"खिडकी उघडी राहिली असेल," तो म्हणाला. "समोर ट्रकचा रस्ता आहे. माझ्या घरीसुद्धा असंच होतं."

"पण कॅप्टन एवढे टापटीप!"

"टापटीप माणसाच्या घरात धूळ जास्त दिसते, साहेब," असं म्हणून तो पुन्हा सिंकखाली गेला.

आता तुम्हीच सांगा. उद्या कंपनीचा माणूस येणार. तिकडे त्या इंजिनिअरचं विमान आरशासारखं चमकत असणार. आणि इकडे आमचे कॅप्टन मुलीकडे खोकी उचलतायत, त्यांना बिचाऱ्यांना पत्ता नाही की आपल्या विमानाचा उकिरडा झालाय. आणि त्या विमानाजवळ कोण उभा आहे? ज्याच्या हाताखालून आजवर एक मळकी गाडी रस्त्यावर गेली नाही तो माणूस! डेपोचे मॅनेजर येतात नि जातात, पण बाहेर पडणाऱ्या गाडीच्या काचेत प्रत्येक जण आपला भांग बघून घेतो, तो माझ्या जिवावर. देवानंच मला तिथं उभं केलंय याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. (मी जेव्हा जेव्हा गोत्यात आलो, तेव्हा त्याआधी माझ्या मनात शंका उरलेली नव्हती.)

हात लावायचा नाही, हे मला पक्कं आठवत होतं. म्हणून मी वर जाऊन फडकं आणलं.

मऊ पिवळं फडकं, अर्धी बादली कोमट पाणी आणि त्यात डेपोतलं लिक्विड बूचभर. टेबलावर कॅप्टनच्या छोट्या छोट्या बाटल्याही होत्या. एकीवर लिहिलं होतं 'इंजिनाची काजळी', दुसरीवर 'तेलाचे डाग', तिसरीवर 'धावपट्टीची धूळ'. मी म्हटलं, वा, कॅप्टननी औषधं आणून ठेवलीच आहेत, बिचाऱ्यांना वेळ मिळाला नसेल. तेलाच्या ओघळावर 'तेलाचे डाग'चा एक थेंब टाकला. ओघळ दुप्पट झाला. म्हटलं, कंपनीचा माल डुप्लिकेट दिसतोय. आपलं डेपोचंच बरं.

आणि मग मी कामाला लागलो. पुसायचं कसं याची एक रीत असते. वरून खाली, पुढून मागे, फडकं दर वेळी नव्या घडीवर. रगडायचं नाही, मळाला समजावून काढायचं. डाव्या पंखापासून सुरुवात केली. काजळी गेली. तेल गेलं. इंजिनाच्या खाचेत काडीला कापूस गुंडाळून घातला. डावीकडून नाकापासून शेपटीपर्यंत विमान असं काही लखलखायला लागलं की मला भरून आलं. प्लंबरला हाक मारली. तोही क्षणभर टोपी काढून उभा राहिला.

"साहेब," तो म्हणाला, "तुमचा हात लागला आणि सोनं झालं."

मी फडकं पिळून उजव्या पंखाकडे वळलो, तेवढ्यात दारात आमची बायको. कामावरून परत येताना नळाचं काय झालं ते बघायला आली होती. तिनं बादली बघितली. फडकं बघितलं. विमान बघितलं. आणि हातातली पर्स खाली सोडली.

"अहो, हे काय करताय?"

"बघ ना किती मळलं होतं!"

"मळलं नव्हतं! मळवलं होतं!"

"म्हणजे?"

"म्हणजे महिनाभर डोळे फोडून कॅप्टनभाऊजींनी एकेक डाग घातला होता! नवं कोरं विमान खोटं वाटतं, उडून उडून आलेलं खरं वाटतं, म्हणून! तेच तर शेवटचं काम होतं! वहिनींनी मला सगळं सांगितलं होतं!"

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही डेपोत सांगितलं असतं!"

प्लंबरनं हळूच टोपी घातली, "नळ झाला" म्हणाला आणि जिन्यावरून इतक्या लवकर उतरला की त्या देहाला ते शक्य असेल असं मला वाटलं नव्हतं.

मी टेबलाशी बसलो. विमानाचा डावा पंख लख्ख, उजवा पंख काळा. अर्धी दाढी केलेल्या माणसासारखं दिसत होतं ते. मग मला वाटलं, ज्यानं जन्मभर मळ काढला त्याला मळ घालता येणार नाही होय? मळाचा स्वभाव माझ्याइतका कुणाला ठाऊक? मी 'धावपट्टीची धूळ' उघडली आणि ब्रशानं झपाट्यानं डाव्या बाजूला चाकांपासून वर खिडक्यांपर्यंत छान शिंतोडे उडवले. खरं सांगतो, हुबेहूब साधलं होतं.

"हे काय?" बायको म्हणाली.

"चिखल."

"विमान काय खड्ड्यांतून येतं?"

"उतरताना एखादा लागत असेल..."

"पुसा."

पुसलं. आता ते आधीपेक्षाही स्वच्छ झालं.

"उद्या ते आले की तुम्ही सांगणार की मी सांगू?" बायकोनं विचारलं. माझ्या मनात एकदा आलं होतं की प्लंबरचं नाव सांगावं. पण बायको माझ्या मनातलं माझ्याआधी वाचते. ती फक्त म्हणाली, "प्लंबर सिंकखाली होता."

रविवारी सकाळी कॅप्टन आणि वहिनी आले ते हसतच. मुलीचं घर छान लागलं होतं. मी त्यांच्या दारातच फडकं चुरगाळत उभा होतो. कॅप्टननी माझा चेहरा बघितला आणि त्यांचं हसू गेलं. ते सरळ टेबलाकडे गेले आणि ओढणी उचलली.

मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. मीही ओरडलो असतो, मग दोघांनी चहा घेतला असता. पण ते खुर्चीवर बसले, टेबलावरचा भिंगाचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि डाव्या पंखाच्या टोकापासून सावकाश बघत गेले. एखाद्या माणसाचा चष्मा धुकट होताना मी पहिल्यांदा इतक्या जवळून बघितला.

"हात लावू नका म्हटलं होतं," ते म्हणाले.

"हात नाही लावला, कॅप्टन. फडकं लावलं."

बायकोनं मला चिमटा काढला. वहिनींनी पाणी आणलं. (कॅप्टनना. मला नाही.)

पाणी पिऊन झाल्यावर कॅप्टन बोलले, तेही माझ्याशी नाही, विमानाशी बोलल्यासारखे. "मी सुरुवातीला दात अगदी शुभ्र करायचो. एकसारखे, मोत्यासारखे. एक आजी कवळी बसवून घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या. म्हणाल्या, बाळा, नातू माझ्याकडे येत नाही, रडतो. तेव्हापासून मी दातांना थोडा पिवळेपणा देतो, एखादा दात किंचित तिरका ठेवतो, एकावर बारीकशी चीर. मग माणूस हसला की त्याचंच हसू वाटतं. हे विमान इतकी वर्षं उडालं, पावसापाण्यातून माल पोचवला, ते मी त्याच्या अंगावर लिहिलं होतं." ते थांबले. "तुम्ही त्याला पुन्हा बाळंतघरात नेऊन ठेवलंत."

खरं सांगतो, त्या वेळी मला इंजिनमागच्या खाचेत जाऊन बसावंसं वाटलं. इतकी वर्षं मी काढत आलो तो नुसता घाणेरडेपणा असं मला वाटायचं. त्याच्यावर कुणी काही लिहून ठेवत असेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

कॅप्टननी बाह्या वर केल्या. ब्रश घेतला, डोळ्यांत औषध घालायच्या ड्रॉपरनं रंग पातळ केला आणि डाव्या इंजिनामागे पहिला फराटा ओढला. तो वाळायला वेळ हवा होता आणि वेळच नव्हता. कारण तेवढ्यात बेल वाजली. कंपनीचा माणूस ठरल्यापेक्षा आधी आला होता. (वेळेआधी येणारी माणसं अशाच दिवशी येतात. प्लंबर बघा कधी येतो का.)

उंच, किडकिडीत, गळ्यात कॅमेरा, तोंडात लवंग. त्यानं दारातूनच विमान बघितलं आणि लवंग चावणं थांबवलं.

कॅप्टन उभे राहिले. ब्रश खाली ठेवला.

"काम बिघडलंय," ते म्हणाले. "माझ्याकडून. तुमचा वेळ फुकट गेला, माफ करा. खोक्यावर त्या इंजिनिअरचंच घ्या."

माझ्याकडून! मी तिथंच उभा होतो, फडक्यासकट. माझ्याकडे एक नजर जरी टाकली असती तरी त्या माणसाला सगळं कळलं असतं. पण कॅप्टननी टाकली नाही. अशा शेजाऱ्याच्या डोक्यावर आपण राहतो, या अभिमानानं माझा ऊर असा काही भरून आला की तोंडाला आवर राहिला नाही.

"खोटं बोलतायत ते!" मी ओरडलो. "आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलतायत, म्हणून जमत नाहीये! मी पुसलंय! सगळं मी पुसलंय!"

कंपनीचा माणूस माझ्याकडे वळला. "कशानं?"

"डेपोचं लिक्विड. अर्ध्या बादलीत एक बूच."

त्यानं डावा पंख भिंगाखाली धरला. "रंग गेला नाही? अक्षरं गेली नाहीत?"

"साहेब, मी गाड्या पुसतो, सोलत नाही."

"मळाच्या खाली मी पक्कं व्हार्निश दिलं होतं," कॅप्टन हळूच म्हणाले. "वरचं तेवढंच गेलं."

त्या माणसानं विमान फिरवलं. उजवी बाजू त्याच्यासमोर आली. महिनाभराची काजळी, तेलाचे ओघळ, दाराजवळ झिजलेला रंग. मग त्यानं खुर्ची ओढली, टेबलाच्या पातळीला डोळे आणले आणि लहान मुलासारखा एक डोळा मिटून बघत राहिला.

"फोटोत एका वेळी एकच बाजू येते," तो शेवटी म्हणाला आणि कॅमेरा काढला.

आमच्या बायकोनं वहिनींचा हात धरला. उजव्या बाजूचे फोटो झाले. मग तो समोर आला, विमान नाकाकडून बघितलं, एकीकडे काळं, एकीकडे लख्ख, आणि खो खो हसत सुटला.

"अहो, या विमानाबरोबर आमचा मळवायचा संच पण निघतोय," तो म्हणाला, "या बाटल्यांचा. त्याच्या खोक्यावर काय दाखवायचं यावर ऑफिसात नुसती भांडणं चाललीयेत. मळवण्याआधी आणि मळवल्यावर, एकाच विमानावर! हे आम्हाला सुचलं नाही, कारण शहाणा माणूस निम्म्यात थांबत नाही ना! काका, ते फडकं घेऊन जरा असे या बरं."

"मी?"

"तुम्हीच. तो ओला फराटा पुसा आणि पंखावर फडकं धरा."

मी म्हटलं, एक मिनिट. धावत वर गेलो. नवा शर्ट घातला, भांग पाडला, तोंडावर पावडर मारली. खाली येऊन फडकं धरून उभा राहिलो, छाती पुढे, नजर जरा दूर, आकाशाकडे, विमानवाल्यांना शोभेल अशी. त्यानं भराभर फोटो काढले.

"चेहरा नीट आला ना?"

"पाहिजे ते सगळं आलं, काका."

कॅप्टन कोपऱ्यात उभे राहून हसत होते. मी वर जायला निघालो तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या वेळी किल्ली प्लंबरला देईन." यात मात्र कौतुक होतं, हे मी ओळखलं.

त्यानंतर नवा माल येईपर्यंत मी डेपोत कुणाशी बोललो नाही, असं म्हणणार नाही. बोललोच. खोक्यावर बिल्डिंगमधली दोन माणसं येणार, एक कॅप्टन आणि दुसरा कोण ते योग्य वेळी कळेल, एवढंच बोललो. त्यामुळे दुकानात नवी खोकी आल्याचं कळलं त्या संध्याकाळी आमची अर्धी बिल्डिंग आणि डेपोची एक शिफ्ट दुकानाच्या दारात उभी होती. दुकानदाराला वाटलं संप आहे.

भिंतीवर नव्या मालाची चळत लागली होती. कॅप्टननी खोकं उचललं. झाकणावर ढगांतून चाललेल्या विमानाचं मोठं, रंगीत, हातानं काढलेलं चित्र. कॅप्टन नाहीत, कॅप्टनचं विमानही नाही. चित्रकाराचं चित्रच छापायचं होतं तर आमचा जीव कशाला टांगला होता? पण कॅप्टन शांत होते. त्यांना ठाऊक होतं. त्यांनी खोकं आडवं केलं. बाजूच्या पट्टीवर छोटे छोटे चार फोटो. कंपनीनं शेवटी दोघांचेही घेतले होते: दोन त्या इंजिनिअरच्या विमानाचे, स्वच्छ, सुबक. आणि दोन आपल्या विमानाचे, उजव्या बाजूनं, काजळीसकट. ते दोन बघितल्यावर बाकीचे दोन प्लास्टिकचे वाटत होते. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत कॅप्टनचं नाव. कॅप्टननी खिशातून भिंगाचा चष्मा काढला, नाव वाचलं, चष्मा वहिनींना दिला. वहिनींनी वाचलं आणि शिंप्याला दिला. चष्मा सगळ्या रांगेतून फिरला. माझ्यापर्यंत आला तेव्हा त्याची काच ओली होती, आणि ती मी पुसली नाही. आता मला कळतं, काय पुसायचं नि काय नाही ते.

"आणि तुमचं कुठंय हो, मुकादम?" डेपोतल्या कुणीतरी विचारलं.

दुकानदारानं दुसऱ्या फळीवरून मळवायच्या संचाचं खोकं काढून दिलं. त्याच्या झाकणावर मात्र कुणी चित्रकार नव्हता. अख्ख्या झाकणभर आपलं विमान होतं! उजव्या पंखाखाली हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं 'असं करा'. डाव्या, लख्ख पंखावर मनगटापर्यंत एक हात, हातात पिवळं फडकं, त्याच्यावर आडवीतिडवी लाल फुली, आणि खाली लिहिलं होतं 'असं कधीही करू नका'.

चेहरा नव्हता. शर्ट नव्हता. पावडर तर नव्हतीच.

"मीच तो," मी म्हणालो. म्हणालो म्हणजे जरा मोठ्यानंच म्हणालो; कसा का असेना, देशभरातल्या दुकानांत आपला हात गेला, ही काही लहान गोष्ट नव्हे. डेपोतल्यांनी माझ्याकडे बघितलं, हाताकडे बघितलं. कुणाचाच विश्वास बसेना.

शेवटी आमच्या बायकोनं ते खोकं हातात घेतलं, दिव्याखाली धरलं आणि भिंग लावून नीट बघितलं.

"हात यांचाच आहे," तिनं सगळ्यांना सांगितलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, पावडर लावण्यापेक्षा निदान नखं तरी कापायची होतीत!"